कान न टोचलेले मामा

माझं रक्त थांबत नाही. गुडघा आतून भरतो, सुजतो आणि मग कितीतरी दिवस जमिनीला पाय टेकवता येत नाही. शाळा त्यातच सुटली, सातवीला. मोठेपणी नांदेड सोडून चेन्नईला आलो, कारण अंबत्तूरच्या एका छोट्या कारखान्यात बसून सुटे भाग तपासायचं काम मिळालं. इथल्याच एका दवाखान्यात रक्त गोठवणारं इंजेक्शन फुकट मिळू लागलं. या आजारावरच्या संशोधनाला कुठली तरी संस्था पैसे देते, त्यातून. त्या सुईमुळे मी आज चालतोय, हे विसरणार नाही. पण डोक्यातला किडा काही जाईना. फुकट देऊन यांना काय मिळतं?

मग एकदा त्याच दवाखान्यात घराण्याची माहिती घ्यायला मला एका बाईंसमोर बसवलं. बाई तंजावरकडच्या मराठी घरातल्या. त्यांचं मराठी जुन्या वळणाचं, तमिळ हेल काढून बोललेलं. इतक्या दूर आपली भाषा ऐकून मी विरघळलो आणि लगेच सावधही झालो. आपल्याला बोलतं करायलाच यांना इथे ठेवलं असणार.

आजोळी कुणाला रक्ताचा त्रास, बाईंनी विचारलं. नाही म्हणालो, आईने तेच सांगून ठेवलेलं. वर जरा ऐटीत म्हणालो, की आमच्या आजोळी मुलग्यांचे कान टोचत नाहीत, कुलदेवीला चालत नाही.

बाई लिहायच्या थांबल्या. "मामांपैकी कुणी लहानपणीच गेलं का?"

दोघं गेले होते. हे यांना कुणी सांगितलं? शेवटी मी मान हलवली. बाई म्हणाल्या, पूर्वी कान टोचताना एखाद्या मुलाचं रक्त थांबलं नसेल, म्हणून जाणत्यांनी ते बंदच केलं असेल. आजार आईकडून येतो, बहिणीच्या रक्तातही असू शकतो. तिचंही तपासू, संशोधनाच्या पैशातून.

धाकटीला पाचवा महिना होता. सासरी कळलं तर तिला नांदवतील का? आणि नाहीच कळलं, तर बाळंतपणात काय होईल? फोनवर आई म्हणाली, "आधी सुई दिली, आता रक्त मागतात. उद्या काय मागतील?" मलाही तेच वाटत होतं.

तरी बहिणीला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं.

"दादा, मी चोरून येणार नाही. आधी ह्यांना सांगते."

नांदेडहून दोघंही आली. दवाखान्याच्या बाकावर दाजी माझ्या कानाशी लागले, "फुकट का करतात हो हे? रक्त विकत असतील."

"ठाऊक नाही, दाजी. मी अजून शोधतोय."

"तुमचं शोधून होईस्तोवर आमचं बाळ शाळेत जाईल," म्हणाले आणि तिला घेऊन आत गेले.

रक्ताची नळी बाहेर आली तेव्हा तिच्यावर बहिणीचं नाव लिहिलंय का, ते मी वाकून पाहिलं. नुसता नंबर होता. तपासणी होईपर्यंत दोघं माझ्या खोलीवर राहिली. निकाल डॉक्टरांनी आधी तिला एकटीला सांगितला, मग तिनेच दाजींना आत बोलावलं. दाजी बाहेर आले तेव्हा चेहरा उतरला होता; आजार तिच्याही रक्तात निघाला होता. माझ्यावर ओरडतील असं वाटलं. त्यांनी एवढंच विचारलं, की बाळंतपणाच्या वेळी हे इंजेक्शन नांदेडला कुठे तयार मिळेल.

मी त्यांना बाईंकडे नेलं आणि त्या नेमकं काय सांगतात ते ऐकायला दारातच उभा राहिलो.