व्हर्लिन कटलिप यांच्या सात फेऱ्या

२ जुलै २०१८, सोमवार. अमेरिकेत औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट म्हणून उभे राहण्यास पदवी, परीक्षा आणि परवाना एवढे पुरते. त्यापुढे वर्षभराचे निवासी प्रशिक्षण, म्हणजे रेसिडेन्सी, घेण्याची सक्ती कोणत्याही राज्याचा कायदा करत नाही. जनेल साइझमोरने हे वर्ष स्वखुशीने अंगावर घेतले. वर्षाअखेरीस मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर विद्यापीठातली शिकवण्याची जागा अवलंबून होती, आणि ती जागा तिला हवी होती.

दुकान वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरातल्या एका खाण-गावातले. खाण बंद पडून पंधरा वर्षे झाली होती; खाणीतली माणसे मात्र खोकत, लंगडत अजून गावातच होती. मालक रॉइस हॅमरिक हेच तिचे मार्गदर्शक. नऊ ते सहा काउंटर, बुधवारी दीड तास गाडी हाकत विद्यापीठात जाऊन शिकवणे, उरल्या वेळात संशोधन. तिच्या बरोबरीची मुले मोठ्या दुकानांतून दुप्पट पगार घेत होती. फेब्रुवारीपर्यंत तिचे जेवण म्हणजे काउंटरमागे उभ्याने खाल्लेला गार पेपरोनी रोल, म्हणजे मसालेदार मांसाचे काप भरलेला पाव, एवढेच उरले होते.

"डॉक्टरीणबाई, खुर्ची ही वस्तू बसण्यासाठी असते," गोळ्या मोजणारी ट्वायला तिच्या पदवीवरून चिडवत म्हणायची. तेवीस वर्षे ती त्याच काउंटरमागे होती.

"बसले तर उठणार नाही गं."

"मग नकोच बसूस. रांग बघ."

संशोधनाचा विषय साधा होता. म्हाताऱ्या माणसाची सात औषधे सात वेगवेगळ्या तारखांना संपतात. एखादी फेरी चुकते, गोळ्या चुकतात, माणूस इस्पितळात जातो. तेव्हा सगळ्या औषधांची तारीख एकच करायची, महिन्यातून एकदा एकच पिशवी द्यायची आणि सहा महिने नोंद ठेवायची. नोव्हेंबरात तीस जणांनी सह्या दिल्या. एक वारला, एक लेकीकडे ओहायोत गेला, तिघांनी टपालाने औषधे मागवायला सुरुवात केली. उरले पंचवीस. पंचवीसपेक्षा कमी माणसांवर बेतलेला अहवाल विद्यापीठाची समिती स्वीकारणार नव्हती, आणि अहवालाविना प्रमाणपत्र नव्हते.

या पंचविसांत तक्त्यावर सर्वांत चोख होते व्हर्लिन कटलिप. वय एकोणऐंशी, एकतीस वर्षे खाणीत, बायको जाऊन चार वर्षे झालेली. शंभरात शंभर. अर्थात तक्ता मोजत होता तो काउंटरवरून गेलेल्या पिशव्या. गिळलेल्या गोळ्या नव्हे. ही त्रुटी जनेलने अहवालाच्या कच्च्या खर्ड्यात एका ओळीत नोंदवलीही होती. अशा ओळी लिहिण्याची रीतच आहे, आणि त्या कोणी वाचत नाही हेही तिला ठाऊक होते.

११ एप्रिल, गुरुवार. रानलसणीचे दिवस, निम्म्या गावाच्या तोंडाला तिचा दर्प. मंगळवारीच पिशवी नेलेले कटलिप पुन्हा काउंटरसमोर उभे होते.

"पाण्याच्या गोळ्या सांडल्या," ते म्हणाले. लघवी वाढवून अंगातले पाणी उतरवणाऱ्या गोळ्यांना ते एवढेच म्हणत. "मोरीत. सगळ्या."

"फेब्रुवारीत ओढ्यात गेल्या, मार्चमध्ये कुत्र्यानं खाल्ल्या," ट्वायला म्हणाली. "तुमच्या घरी गोळ्यांना पाय फुटलेत का हो?"

"हात थरथरतात माझे. तुझेही थरथरतील, फार दिवस राहिले नाहीत."

"जीभ नाही ती थरथरत!"

कटलिप खूश होऊन हसले आणि भिंतीकडेच्या खुर्चीत ऐसपैस बसले. जनेलने पट्टा बांधला. त्यांचा हात मुळीच थरथरत नव्हता. रक्तदाब एकशे ब्याऐंशी. नडगीवर अंगठा दाबला, तर खळगा तसाच राहिला; अंगात पाणी साठले होते.

"कुत्रा कोणत्या जातीचा आहे?" तिने सहज विचारले.

"कुत्रा? तो गेला की. दोन वर्षं झाली त्याला."

ती त्यांच्याशेजारी टेकली. त्या दिवसातले ते तिचे पहिले बसणे.

"कटलिपसाहेब, तुम्ही असेच येत चला ना. रोज या. मी रक्तदाब बघेन. औषधाचं निमित्त कशाला हवं?"

"काम नसताना?"

"काम नसताना."

"नाही गं पोरी. बिनकामाचा माणूस दुसऱ्याच्या दुकानात ठाण मांडत नाही. गावात नाव जातं. आधी मला सात कामं असायची महिन्याला. आता तू एकच ठेवलंस." स्वरात तक्रार नव्हती. "चांगलीच आहे तुझी योजना. ज्यांना घाई असते त्यांना."

तिने डॉक्टरांना फोन केला, कटलिपांना गोळ्या दिल्या आणि रॉइसकडे गेली.

"त्यांना यादीतून काढते. सात तारखा परत देते."

रॉइसनी चष्मा कपाळावर चढवला. "एकोणीस दिवस राहिलेत, जनेल. एक मे उजाडू दे, मग सात काय, सत्तर तारखा दे."

"त्यांचे पाय बघितलेत?"

"बघितले. उद्या तू स्वतः जाऊन गोळी खायला घाल, मी गाडी देतो. पण यादीतून काढू नकोस. मी सही कशावर करू, चोविसावर?"

"आणि ठेवलं तर मी काय लिहू? शंभर टक्के?"

"तक्त्यात तेच आलंय."

"तेच तर."

रॉइसनी चष्मा पुन्हा नाकावर ओढला. "फार दमलीयस तू," ते म्हणाले. "दमलेल्या माणसानं असले निर्णय घेऊ नयेत."

"दमलेय म्हणूनच. आणखी एक खोटी गोष्ट सांभाळायचं त्राण नाही माझ्यात."

तिने यादीतले नाव खोडले आणि कारणाच्या रकान्यात लिहिले: 'योजनेमुळे रुग्णाचे दुकानात येणे कमी झाले, औषधे घेत नसावा असा संशय.' मग सात चिठ्ठ्यांच्या तारखा पुन्हा एकेक करून विस्कटल्या. जुळवायला तिला दोन महिने लागले होते. विस्कटायला चाळीस मिनिटे लागली.

कटलिप सोमवारी आले, शुक्रवारी आले. ट्वायलाने त्यांना यथेच्छ टोमणे मारले. एप्रिलअखेर रक्तदाब एकशे चौपन्नावर आला. समितीचे पत्र २० मे रोजी आले: संख्या अपुरी, अहवाल अस्वीकृत, आणखी सहा महिन्यांच्या नोंदी जोडल्यास पुनर्विचार होईल. शिकवण्याची जागा जुलैत भरायची होती. ती दुसऱ्या कोणाला मिळाली. रॉइसनी तिला काउंटरवर पूर्ण पगाराची नोकरी देऊ केली. तिने विचाराला आठवडा मागितला आणि त्यातले दोन दिवस ती नुसती झोपली. मग हो म्हणाली.

कटलिप गोळ्या खरोखर फेकत होते का, हे माहीत नाही. जनेलने त्यांना विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. रक्तदाब उतरला तो येण्याजाण्याने की जनेलच्या फोननंतर डॉक्टरांनी त्याच गुरुवारी वाढवलेल्या मात्रेने, हेही त्या नोंदींवरून ठरत नाही. तक्त्यावर शंभर टक्के असलेले आणखी अकरा जण होते. त्यांच्या घरी किती गोळ्या शिल्लक होत्या, ते कोणी मोजलेले नाही.