भीमाशंकरची श्रावणातली दाढी

सेलूच्या बंबावरच्या भीमाशंकरला सगळे ‘इस्त्रीवाले’ म्हणायचे, आणि त्याला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायचे. त्याला राग येत नसे. उलट तो शर्टाची कॉलर जरा सरळ करून घेई. खाकी बाहीवरची घडी अशी, की हात लावायला माणूस बिचकावा. पट्ट्याचं पितळी बक्कल चिंचेनं घासलेलं, बूट चकाचक, छातीवरच्या नावाच्या पट्टीची एक बाजूही खाली झुकलेली नाही. घंटा वाजली की या सगळ्यावर जाड फायर कोट, गमबूट आणि हेल्मेट चढायचं आणि आतली इस्त्री झाकून जायची. मग एवढी मेहनत कशाला, असं कुणी विचारलं की तो म्हणे, “कोट काढल्यावर मानूस दिसावं लागतं ना बाबा.”

या इस्त्रीच्या मागे वालूरची एक बाई होती. नोकरीला लागून जेमतेम महिना झाला होता तेव्हाची गोष्ट. वालूरला कडब्याची गंज पेटली. आगीची वर्दी आली तेव्हा भीमाशंकर आंघोळीला बसला होता. साबण निथळत, बनियन आणि अर्ध्या चड्डीत तो तसाच बंबावर चढला. गावात उतरल्यावर गंजीकडे धावला, तर चतुराबाई नावाच्या बाईनं त्याला दंडाला धरून मागं ओढलं आणि हातात घागर दिली. “लायनीत लाग की! मधी मधी काय करायलास? बंबवाले यायलेत, त्यांला वाट दे.” तो बिचारा बंबवालाच होता, पण सांगतो कुणाला? अंगावर काही पुरावाच नव्हता. पाच-सहा घागरी त्यानं मुकाट्यानं पुढं दिल्या. त्या दिवसापासून बनियनवर बाहेर पडेन तर नावाचा भीमाशंकर नाही, असं त्यानं ठरवून टाकलं.

त्याच आगीत त्याचा हात कोपरापर्यंत भाजला होता. घरी आल्यावर त्याची माय, भागम्मा, हात बघून मटकन खालीच बसली. घर शिवभक्तांचं. ती रोज सकाळी तळहातावर लिंग घेऊन पूजा करी, कपाळभर विभूती लावी. तिनं त्याच रात्री परळीच्या वैजनाथाला नवस बोलून टाकला: माझं लेकरू आगीतून साबूत घरी येऊ दे, ते दर श्रावण पाळेल, महिनाभर दाढीला वस्तरा लावणार नाही. म्हणजे नवस मायनं बोलायचा आणि गाल खाजवायचे लेकानं. पण भीमाशंकरनं चोवीस वर्षं एकही श्रावण चुकवला नाही. आता भागम्माला नीट दिसेनासं झालं होतं. तरी श्रावणात रोज संध्याकाळी ती त्याला समोर बसवून हनुवटीवरून हात फिरवी आणि दाढी किती वाढली ते बघून निश्चिंत मनानं मिश्री लावायला बसे. मिश्री हे तिचं एकमेव व्यसन. देव आणि मिश्री, दोन्हींत तिनं कधी खाडा केला नव्हता.

इतकी वर्षं दाढीचं आणि आगीचं काही वाकडं नव्हतं. धुरात शिरायचं म्हणजे ओला टॉवेल तोंडाला गुंडाळायचा, दम धरायचा आणि घुसायचं, एवढीच रीत होती. दारातून पहिला आत कोण, तर भीमाशंकर, हे न सांगता ठरलेलं असे. मग गेल्या हिवाळ्यात दोन बीए सेट आले. पाठीवर हवेची टाकी, तोंडावर काचेचा मास्क. धुरातही माणूस घरच्यासारखा श्वास घेणार. त्यांच्यापाठोपाठ नवीन अधिकारी आल्या, अर्पितामॅडम. वय अठ्ठावीस, अंगानं सडपातळ, आणि नियमाला अडेल म्हशीसारख्या अडून बसणाऱ्या. आत जायचं तर दोघांनी मिळून जायचं, आणि मास्क चेहऱ्याला चिकटल्याशिवाय जायचंच नाही, हा त्यांचा पहिला हुकूम. जोडी ठरली भीमाशंकर आणि पोरसवदा वैभवची. उन्हाळाभर जोडीनं झकास काम केलं.

श्रावणाच्या दुसऱ्या आठवड्यात मॅडमनी पुन्हा चाचणी घेतली. मास्क घालायचा, नळीवर तळवा दाबायचा, श्वास आत ओढायचा. मास्क गालाला घट्ट बसला तर पास. वैभवचा बसला. भीमाशंकरनं श्वास ओढला तर दाढीच्या केसांतून फुस्सकन हवा आली. पुन्हा ओढला, पुन्हा फुस्स.

“काका, दाढी,” मॅडम म्हणाल्या.

“श्रावन हाय, म्याडम.”

“श्रावण पाळा, मी अडवत नाही. पण या फटीतून धूर आत येईल. तुमची दाढी निघेपर्यंत वैभवसोबत मी जाईन. तुम्ही बाहेर बंबाच्या पंपावर थांबा.”

पंपावर! चोवीस वर्षं दारातून पहिला शिरणाऱ्या माणसाला पंपावर! भीमाशंकरचा रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी त्याला एक नामी युक्ती सुचली. घरातलं खोबरेल त्यानं दाढीला असं चोपडलं की केस गालाला चपटून बसावेत. आला ठाण्यावर, मास्क चढवला, आणि मास्क हनुवटीवरून सुळकन घसरून गळ्यात आला. ड्रायव्हर दत्तराव हसून हसून बंबाच्या चाकाला टेकला. मॅडम मात्र हसल्या नाहीत.

“तेल चोपडून आगीत जाणार होतात, काका?”

 तो गेला आणि साबणानं तोंड धुऊन आला. मनाशी म्हणाला, दोन-तीन आठवड्यांचाच तर प्रश्न आहे. पावसाळ्यात आगी लागतात कुठं? पोळा झाला की दाढी काढू आणि परत दारात उभं राहू.

पण आगीला कॅलेंडर कुणी दाखवलेलं नसतं. पाचव्याच दिवशी दुपारी वर्दी आली, आणि तीही वालूरहून. सोमेश्वर नावाच्या दुकानदाराच्या गोदामात रिकाम्या पोत्यांचा बारदाना धुमसत होता. ज्वाळा फारशा नव्हत्या, पण धूर असा, की दार उघडताच बाहेरची माणसंसुद्धा खोकत मागं सरली. सोमेश्वर हात जोडून सांगत होता, “आत गॅसच्या दोन टाक्या हायत हो! भरलेल्या हायत!”

मॅडम आणि वैभवनं मास्क चढवले, तळवा दाबून बघितला, एकमेकांना अंगठा दाखवला आणि धुरात नाहीसे झाले. भीमाशंकर दत्तरावच्या शेजारी पंपावर उभा राहिला. कोटाची बटणं लावलेली, हेल्मेट सरळ, गमबूट चकाकत होते. एवढा रुबाबदार तो आयुष्यात कधी दिसला नसेल.

गर्दीतून काठी टेकत एक म्हातारी पुढं आली. पाठ वाकली होती, दात गेले होते, पण भीमाशंकरनं आवाजावरून लगेच ओळखलं. तीच चतुराबाई. तिनं त्याला ओळखलं नाही. त्याच्याकडं खालून वर बघत ती अदबीनं म्हणाली, “सायेब, तुमी तर मोठे सायेब दिसायलाव. मंग त्या लेकीला कामून धाडलं आत?”

भीमाशंकरच्या कानशिलांना धग लागली. बनियनवर आला होता तेव्हा याच बाईनं त्याला बंबवाला मानलं नव्हतं, आणि त्यानं हात भाजून घेत आग विझवली होती. आज तिनं त्याला साहेब मानलं होतं आणि तो बाहेर उभा होता. त्याला चोवीस वर्षांच्या इस्त्रीची लाज वाटली.

तेवढ्यात आत शिट्टी वाजली. टाकीतली हवा संपत आली की सेटची शिट्टी वाजते. धुरातून वैभव गॅसची एक टाकी ओढत बाहेर आला. एकटाच.

“म्याडम कुटंय?” भीमाशंकर ओरडला.

“माह्या मागंच होत्या, काका!”

भीमाशंकरचे पाय आपोआप दाराकडं धावले. उंबऱ्याशी धुराचा पहिला लोट घशात गेला आणि तो खोकत वाकला. पाठीवर टाकी नव्हती, आणि असती तरी गालावर दाढी होती. त्यानं तिथूनच, छाती फुटेस्तोवर, हाका मारायला सुरुवात केली. “म्याडम! दार हिकडं हाय! आवाजाकडं या!” अर्धं मिनिट गेलं असेल, पण त्याला ते अख्ख्या नोकरीएवढं लांब वाटलं. मग धुरात हेल्मेट दिसलं. मॅडम दुसरी टाकी गडगडत आणत होत्या. बाहेर येऊन मास्क काढला आणि खाली बसून त्या म्हणाल्या, “वळणावर दिशा चुकले. बरं झालं, काका, तुम्ही ओरडलात.”

पुढचं काम पाण्याचं होतं आणि ते तासाभरात उरकलं.  भीमाशंकर सेलूत उतरला आणि ड्युटी संपताच तडक नागनाथच्या सलूनात गेला. श्रावणात सलूनात चिटपाखरू नसतं. नागनाथ खुर्चीत स्वतःच झोपला होता. भीमाशंकरला बघून तो दचकून उठला.

“दाढी कर,” भीमाशंकर म्हणाला.

“श्रावनात? तुमी?”

“कर म्हनलो ना.”

वस्तरा फिरला. भीमाशंकरनं डोळे मिटून घेतले होते. आगीची भीती त्याला कधी वाटली नव्हती, पण घरी जायची आता वाटत होती.

भागम्मा ओसरीवर मिश्रीची डबी मांडीशी घेऊन बसली होती. तो समोर बसला. नेहमीसारखा तिचा हात आला, हनुवटीला लागला आणि तिथंच थांबला. मग या गालावर गेला, त्या गालावर गेला.

“कोन हाय?” ती म्हणाली.

“मीच हाय, माय.”

“माह्या भीमाला दाढी हाय.”

मग त्यानं सगळं सांगितलं. मास्क, फुस्स होणारी हवा, खोबरेल, मॅडम, वाजणारी शिट्टी, काहीही लपवलं नाही.  “माय, तुहा नवस मोडला मी. पर उद्या वैभवसारखं पोरगं आत अडकलं, तर मी बाहीर उभा ऱ्हाऊन निस्ता बोंबलत बसू का?”

 भागम्माची बोटं अजून त्याच्या गालावरच होती.

“दाढी असली की धूर आत यायलाय म्हनतूस?”

“व्हय.”

“मंग मी कशाला बोलले होते नवस? तू साबूत यावा म्हनून का धूर खावा म्हनून?” तिनं त्याच्या गालावर हलकीशी चापट मारली. “वैजनाथाला काय, त्येला केसं थोडीच पायजेत. कुनी तरी कायतरी सोडलं पायजे, एवढंच. तुहं न्हाई तर माहं.” आणि तिनं मिश्रीची डबी उचलून त्याच्या हातात दिली. “ठिव कुटंतरी. माह्या हाताला लागंल असं ठिवू नगंस.”

राहिलेला श्रावण भागम्मानं कसा काढला, ते तिच्या सुनेला विचारा. घरातल्या सगळ्यांनी बोलणी खाल्ली, मांजरानंसुद्धा. पण संध्याकाळची तपासणी तिनं चुकवली नाही, आणि आता ती उलटी झाली होती. हनुवटीला खुंट लागले की लगेच, “ह्ये काय? जा, करून ये.” अर्पितामॅडमची चाचणी परवडली, असं भीमाशंकर ठाण्यावर सांगायचा. मास्क मात्र पहिल्याच श्वासाला गालाला चिकटला आणि तो परत दारात पहिला उभा राहू लागला.

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी भीमाशंकर बाजारात गेला, ताज्या मिश्रीची पुडी घेतली आणि मायच्या हातात ठेवली. “संपला श्रावन, माय. लाव आता.”

भागम्मानं पुडी नाकाशी नेली, लांब श्वास घेतला आणि त्याच्या इस्त्रीच्या खिशात परत घातली.

“अजून पाच सालं हाय ना तुही नौकरी?” ती म्हणाली. “रिटायर व्हऊन ये. मंग लावीन.”