रविवारची बोट

टॉर्कल मॅकॉलेने उमेदीची सगळी वर्षं मासळीचा ट्रक चालवला. लुईस बेटावरून बोटीने पलीकडे उतरायचं आणि रातोरात दक्षिणेचा बाजार गाठायचा. डोंगरातल्या त्या अरुंद रस्त्यांचं वळण न् वळण त्याच्या हातांना पाठ होतं. पाहिलेलं मात्र काहीच नव्हतं. दिव्यांच्या झोतात येईल तेवढी डांबराची पट्टी, आणि कधी एखाद्या हरणाचे डोळे.

त्याची बायको एफी तर इन्व्हर्नेसच्या इस्पितळापलीकडे कधी गेलीच नव्हती. "पुढच्या उन्हाळ्यात जाऊ," तो दरसाल म्हणायचा. पण उन्हाळा आला की जळणासाठी पीट कापायचं असे, मेंढ्यांची लोकर उतरवायची असे.

या मे महिन्यात डॉक्टरांनी तिची औषधं थांबवली. आता तिला आवडेल ते करू द्या, म्हणाले. एफीने त्याच संध्याकाळी टेबलावर नकाशा पसरला.

"आधी ॲपलक्रॉसचा घाट. मग स्काय, ग्लेनको, आणि शेवटी आयोना. सगळं दिवसाउजेडी. आणि हळू चालवायचंस. मी काही मासळी नाही, लगेच नासायला."

"समोरच्याला वाट द्यायला जागा ठेवलीय ना, तिथे गाडी लावून चहा पिऊ."

"आणि मागचे ड्रायव्हर शिव्या घालतील. तू नाही का घालायचास पर्यटकांना?"

"घालू देत. आता पर्यटक आपणच."

शनिवारी निघायचं होतं. शनिवारी वारा सुटला आणि बोट रद्द झाली. पुढची बोट रविवारची.

त्यांच्या गावात रविवार देवाचा; त्या दिवशी कुणी कपडेसुद्धा वाळत घालत नाही. रविवारची बोट पहिल्यांदा सुटली, तेव्हा तिच्या निषेधाला धक्क्यावर जे उभे होते, त्यांत टॉर्कल पुढच्या रांगेत होता, टोपी हातात घेऊन.

रात्रीचं जेवण झाल्यावर तो बशा विसळता विसळता, पाठमोराच म्हणाला, "उद्या जाऊ."

"काय म्हणालास?"

"उद्याच्याच बोटीने. देवाचं मी बघून घेईन."

एफीने पायांतल्या बुटांकडे पाहिलं. दोन दिवस ती घरातसुद्धा प्रवासाचे नवे बूट घालून वावरत होती.

"नको," ती शेवटी म्हणाली. "मी डोंगर बघेन आणि तू तुझं पाप बघत बसशील. मला एकटीला नाही बघायचेत ते. सोमवारी जाऊ. एका दिवसाने काय होतंय?"

त्याने आग्रह धरायला हवा होता. त्याला हायसं वाटलं.

रविवारी समुद्र आरशासारखा निवांत होता. दोघं चर्चला जाऊन आली. दुपारी ती जरा पडली, आणि सोमवारी पहाटे तिला उठता येईना. गाडीत ठेवलेली बॅग टॉर्कलने बुधवारी घरात आणली. एफीने महिनाही काढला नाही.

गावच्या रीतीप्रमाणे पुरुषांनी आळीपाळीने खांदा देत शवपेटी किनाऱ्यावरच्या दफनभूमीत नेली. परतताना चर्चचा जुना सेवक फिनले त्याच्याबरोबर चालू लागला.

"तुम्ही दोघांनी एवढ्या अडचणीतही रविवार मोडला नाहीत, टॉर्कल. गाव हे विसरायचं नाही."

टॉर्कल चालत राहिला.

"ती रविवारची बोट वेळेवर पोचली, फिनले," तो म्हणाला. "मी धक्क्यावर फोन करून विचारलं. पलीकडे दिवसभर लख्ख ऊन होतं म्हणे."