जिवंत मुलीची नोंद

वांगी भाजल्याचा वास आला की पाचोऱ्याजवळच्या मळ्यातली ती भरीत पार्टी आठवते. गावाच्या वंशावळींची वेबसाइट मी तेव्हा हौसेनं सांभाळायचो. जिवंत माणसाचं नाव दाखवायचं नाही आणि पुराव्याशिवाय कुणाला मयत लिहायचं नाही, हे नियम माझेच होते. तुरीच्या काड्यांच्या धुरात एक नाना शेजारी येऊन बसले. त्यांच्या मुलीनं जातीबाहेर लग्न केलं होतं. “तिले मयत लिखी टाक,” ते म्हणाले. मी म्हटलं, “नाना, ती भुसावळले शे, चांगली जित्ती शे.” “आमनासाठे मरी गयी.” गावातली निम्मी जुनी नावं त्यांनीच मला सांगितली होती, त्यामुळे मला नाही म्हणवलं नाही; मयत लिहिताच तिचं नाव साइटवर सगळ्यांना दिसू लागलं. आठवड्यानं तिचा मेल आला, “दादा, मी जिवंत आहे. मला मयत लिहायला कोणी सांगितलं?” नोंद मी लगेच पुसली. उत्तर आजही दिलेलं नाही.