पोटावरचे हात

सरकारी दवाखान्यात मी वहिनीच्या उशाशी बसले होते. शेजारच्या खाटेभोवती शिकाऊ डॉक्टरांचा घोळका जमला. खाटेवर पन्नाशीची एक बाई होती. मोठ्या डॉक्टरांनी तिचा पदर बाजूला सारला, पोटातली गाठ कुठे लागते ते दाखवलं आणि म्हणाले, "चला, एकेकाने हात लावून बघा." तिला कुणी काही विचारलं नाही. खाटेला पडदा होता, पण तो बँडेजच्या पट्टीने दांडीला करकचून बांधून टाकलेला.

एकामागून एक हात येत राहिले. बाईने चाचपडत पदर ओढला आणि तोंडावर घेतला. पोट उघडंच राहिलं. पोट जणू दवाखान्याचं झालं होतं, चेहरा तेवढा तिचा उरला होता. औषध फुकट मिळतं म्हणून माणूसही फुकटात येतो की काय?

शेवटी एक मुलगी पुढे आली. हात न लावता आधी वाकून म्हणाली, "मावशी, मी तपासून बघू का? चालेल तुम्हाला?"

पदर झटकन खाली आला. बाईचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"असं का विचारताय ताई?" ती म्हणाली. "माझं काही जास्त झालंय का?"