अमाल्फीच्या बोटीतला उखाणा

आमच्या फोरबर्ग या डच गावातल्या मराठी कंपूत एक नियम होता. शुभामावशींसमोर विनायककाकांचं नाव काढायचं नाही. का, ते विचारायचं नाही. नियम जयंतकाकांनी केला होता, म्हणजे चर्चा संपली होती.

विनायककाका शुभामावशींचे यजमान. आजारी आईला भेटायला नाशिकला गेले आणि करोनाच्या दुसऱ्या लाटेत तिथेच वारले. विमानं बंद होती. मावशींनी शेवटचं सगळं इथून, फोनवर पाहिलं. त्यानंतर जयंतकाका आणि नीलाकाकूंनी त्यांना सांभाळलं, हे मी नाकारत नाही. पण सांभाळायची पद्धत अशी, की दर भेटीला काहीतरी घडायचंच. मी तेव्हा लायडनला मास्टर्स करत होते आणि मावशींच्या वरच्या खोलीत भाड्याने राहत होते, त्यामुळे जागा पहिल्या रांगेतली. आता हे किस्से इतके साठलेत, की एक सांगायला घेतला तर मागचा त्याला ढकलायला लागतो.

* * *

माझी मैत्रीण प्राची बेस्ट नावाच्या गावाहून पहिल्यांदाच आमच्याकडे आली. दाराशी उभी असलेली उंच सायकल पाहून म्हणाली, "ही कुणाची?"

नीलाकाकूंची एक ठरलेली युक्ती होती. बोलणं विनायककाकांकडे वळतंय असं दिसलं, की बोलणाऱ्याच्या हातात काहीतरी खायला द्यायचं.

"घरातलीच आहे गं. हा लाडू घे."

प्राची इंजिनिअर. तिला अर्धवट उत्तर चालत नाही. "घरात तर मुक्ता आणि मावशी दोघीच. सीट एवढी वर?"

दुसरा लाडू.

"मुक्ताचे पाय तरी पोचतात का?"

तिसरा लाडू. तेवढ्यात स्वयंपाकघरातून मावशींचा शांत आवाज आला, "उंच माणसाची आहे. मागचा ब्रेक लागत नाही. आणि नीला, तिला आता पाणी दे."

* * *

मावशींना झोप लागत नव्हती म्हणून त्यांनी हाउसआर्ट्सची, म्हणजे आमच्या इथल्या फॅमिली डॉक्टरची, अपॉइंटमेंट घेतली. जयंतकाका सोबत गेले. "डच बोलायला कोणीतरी हवं," म्हणाले. मावशींचं डच त्यांच्यापेक्षा कितीतरी चांगलं आहे, पण ते त्यांना कोण सांगणार. करोनामुळे आत एकालाच सोडत होते, त्यामुळे काका बाहेर थंडीत उभे राहिले.

मावशी बऱ्याच वेळाने बाहेर आल्या. डोळे लाल, पण चेहरा मोकळ्या हवेत फिरून आल्यासारखा.

"काय झालं? पॅरासिटामॉल दिली का?" काकांनी विचारलं.

"नाही. यजमान कसे होते, विचारलं."

काका सबंध रस्ताभर पुटपुटत होते, "हे डच लोक ना. काहीही विचारतात."

त्या रात्री मावशींना छान झोप लागली. दुसऱ्या दिवशी काकांनी त्याचं श्रेय जायफळ घातलेल्या दुधाला दिलं. दूध नीलाकाकूंनी पाठवलं होतं.

* * *

इटलीची ट्रिप कशी ठरली, तो किस्सा तर अजून कोणाला खरा वाटत नाही.

लॉकडाऊनच्या दिवसांत आम्ही संध्याकाळी फ्लीटच्या काठाने फिरायला जायचो. तो कालवा गावातून असा जातो, की पाणी हलतंय की आपण, तेच कळत नाही. बदकं एका ओळीत, पलीकडच्या काठावर विलोची झाडं पाण्यात बोटं बुडवून बसलेली, आणि मधून एखादी छोटी बोट आवाज न करता निघून जाते. लाटा मात्र बराच वेळ मागे राहतात.

अशी एक बोट गेली आणि मावशी तिच्याकडे बघत म्हणाल्या, "आमचं अमाल्फीला बोटीने जायचं ठरलं होतं."

सगळे थांबले. काकूंनी घाईघाईने पर्स उघडली. खायचं काहीच नव्हतं. शेवटी त्यांनी मावशींच्या हातावर खोकल्याची गोळी ठेवली. खोकल्याची गोळी पाहून बाकावरचं एक डच जोडपं उठून चालू लागलं.

काही केल्या विषय बदलेना. तेव्हा जयंतकाका जोरात म्हणाले, "जाऊ या की मग! आपल्या सगळ्यांचंच ठरलं होतं!"

असं आजवर काही ठरलेलं नव्हतं. पण काका बोलून बसले होते. सप्टेंबरात आम्ही पाच जण, प्राचीसकट, सालेर्नोला पोचलो; अमाल्फीची बोट तिथूनच सुटते. विषय बदलण्यासाठी परदेशात गेलेले आम्हीच असू.

* * *

सालेर्नोच्या धक्क्यावर काकांनी आम्हाला पहाटेच आणून उभं केलं. बोट यायची होती, ऊन यायचं होतं, शहरही अजून पुरतं उठलं नव्हतं. समुद्र दुधावरच्या सायीसारखा पडून होता. प्राची उभ्याउभ्याच झोपली.

बोट आली. तिकिटं तपासणारा माणूस अंतर ठेवून बसवत होता. त्याने इंग्रजीत विचारलं, "एकच कुटुंब का?"

"हो," काका म्हणाले.

"सगळे आले?"

"हो," काका म्हणाले.

"नाही," मावशी म्हणाल्या.

त्याने दोघांकडे पाहिलं. मग मावशींना हात देऊन आत घेतलं आणि अगदी पुढच्या बाकावर बसवलं. शेजारची जागा मात्र कोणाला दिली नाही.

* * *

बोट सुटली. किनारा उजव्या हाताला हळूहळू उलगडायला लागला. डोंगराच्या पायऱ्यांवर लिंबाच्या बागा, त्याखाली गुलाबी-पिवळी घरं, एका गॅलरीत वाळत घातलेली पांढरी चादर. ती चादर आम्हाला कितीतरी वेळ दिसत राहिली. इंजिनाची घरघर अंगात मुरली, तसं कोणाला बोलावंसं वाटेना.

त्या दिवशी काका-काकूंच्या लग्नाचा वाढदिवस होता. काकूंनी काकांना बर्फी दिली. मी आणि प्राचीने लावून धरलं, "नाव घ्या, नाव घ्या." दोघांनी लाजत लाजत उखाणे घेतले. मग प्राचीचा नंबर. तिचं लग्न नुकतंच ऑनलाइन झालं होतं, नवरा अजून व्हिसाची वाट बघत पुण्यात. तिनेही घेतला. मावशी टाळ्या वाजवत होत्या, आणि तशाच थोड्या पुढे सरकून बसल्या. आता पुढचा नंबर त्यांचाच होता.

"चला, आता अंताक्षरी," जयंतकाका म्हणाले.

"मावशी राहिल्या," मी म्हटलं.

"मुक्ता." काकांचा आवाज खाली आला. "आपलं काय ठरलंय?"

"ते तुम्ही ठरवलंत, काका. मी नाही पाळणार. मावशी, घ्या नाव."

नीलाकाकू म्हणाल्या, "अगं, त्यांना कशाला…" आणि अडखळल्या.

मावशींनी समोर पाहिलं. जराही न अडता म्हणाल्या,

"उजवीकडे डोंगर, डावीकडे पाणी,
विनायकराव कसे होते, विचारतच नाही कोणी."

"वहिनी, राहू द्या," काका पुटपुटले. "उगाच त्रास होईल तुम्हाला."

"नाही राहू द्यायचं," मी म्हटलं. "मावशी, कसे होते काका?"



मावशींनी मास्क हनुवटीखाली ओढला.

"भयंकर घोरायचे," त्या म्हणाल्या.