डाव्या पायाचा ठोकळा

माझा डावा पाय उजव्यापेक्षा चार बोटं आखूड आहे, जन्मापासूनचा. शंकरपटात, बैलांच्या शर्यतीत, जोडी हाकायची म्हटल्यावर गावानं आधी बाई म्हणून नाक मुरडलं आणि मग लंगडी म्हणून. मी म्हटलं, पट बैलांच्या पायांनी जिंकतात, माझ्या नाही.

बाबा मात्र कामाला लागले. पटाच्या हलक्या छकडीवर जोडी हाकणारा धुरकरी पुढे बसून दोन्ही पाय दांड्यांवर रोवतो. माझा डावा पाय तिथं पोचतच नव्हता. बाबांनी वाकस घेऊन बाभळीचा ठोकळा तासला आणि डाव्या दांड्यावर ठोकला. पहिला उंच झाला, दुसरा घसरायला लागला. तिसऱ्यावर त्यांनी जुन्या चपलेचा पट्टा मारला, तेव्हा पाय बसला.

त्या छकडीवर मी पट जिंकले. हातात बैलांना टोचायची तुतारी नव्हती, नुसत्या आवाजावर जोडी पळवली. भोंग्यावर नाव पुकारलं ते माझ्या मोठ्या भावाचं, कारण पटात जोडी मालकाच्या नावानं लागते आणि बैल त्याचे होते. मी गप्प बसले. त्याची मला अजून चीड येते, स्वतःचीच.

यंदा दिग्रसच्या एका शाळेत जुन्या खेळसामानाचं प्रदर्शन भरलं. छकडी मागितली म्हणून मी आणि भाऊ ती घेऊन गेलो. बघते तर पाटीवर भावाचंच नाव.

"हे बदला," मी म्हटलं.

"ताई, पटाच्या वहीत जे हाय तेच लिहिलं आमी," मांडणी करणारे गुरुजी म्हणाले. मग फोटोसाठी त्यांनी भावाला छकडीवर बसवलं.

ठोकळ्यावर पाय ठेवताच भावाचा डावा गुडघा छातीला आला. तो कलंडला. सावरून पुन्हा बसला, पुन्हा कलंडला.

"छकडीच वाकडी हाय," तो पुटपुटला.

"नाचता येईना, अंगण वाकडं," बघणाऱ्यांतलं कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. मला हसू आलं नाही. भाऊ खाली उतरला आणि ठोकळ्यावरच्या त्या पट्ट्यावरून त्यानं बोट फिरवलं.

"माह्यानं नाही बसनं होत, गुरुजी," तो म्हणाला. "हे तिच्या मापाचं हाय. बैल माहे होते, पट तिनं मारला. मीच तवा बोललो नाही."

गुरुजी म्हणाले, उद्या नवीन पाटी करू. मी म्हटलं, आत्ता. मी हलत नाही म्हटल्यावर त्यांनी कोरा पुठ्ठा घेतला आणि मोठ्या अक्षरात माझं नाव लिहिलं. शिवाय, भलेपणानंच, नावापुढे कंसात 'दिव्यांग' असंही लिहिलं.

मी त्यांच्या हातातून पेन घेतलं आणि तो कंस खोडून टाकला.

"काहून?" ते गोंधळले.

"पटात सगळ्यांले अंतर सारखंच होतं, गुरुजी."